झाडीतली गोळी माळावर चालेल का? (.३०८, ॲन्टेलोप, वायोमिंग)

पिट्सबर्गकर:
मंडळी, तीन सीझन झाले, पेन्सिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणं मारतोय. शेजारच्या म्हाताऱ्याने नादाला लावलं. रायफल .३०८ (गोळीची जाडी, इंचात), गोळीही त्यानेच ठरवून दिलेली, १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), गोल नाकाची. म्हणे जड गोळी फांद्या तोडत जाते. इथे माउंटन लॉरेलचं झुडूप इतकं माजलेलं असतं की साठ यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. गेल्या वर्षी पन्नास यार्डांवर नर उभा होता, आडवा, अगदी निवांत. बार काढला, तो पळाला. दोन तास रक्त शोधलं, थेंब नाही. सापडली ती करंगळीएवढी फांदी, साल उडून पांढरी पडलेली. स्कोपमधून मला ती दिसलीच नव्हती.

आता ऑक्टोबरसाठी वायोमिंगात लॅरेमीजवळच्या माळावर ॲन्टेलोप (हरणासारखं जनावर) मारायचा टॅग, म्हणजे परवाना, लागलाय. याच गोळ्यांचे दोन डबे घरात पडून आहेत. नेऊ का?

सांगलीकर_डेन्व्हर:
नेऊ नका. आणि आधी त्या फांदीचं बघू, कारण तिथे म्हाताऱ्याचं चुकलंय. फांदीला लागल्यावर वाट न सोडणारी गोळी अजून जन्माला आलेली नाही. जड असो, गोल असो, वळते. फांदी जनावराला चिकटून असेल तर फरक थोडा पडतो, तुमच्याजवळ असेल तर गोळी भलतीकडेच जाते. त्यातून जवळची फांदी स्कोपमध्ये धूसर होऊन गायब होते. म्हणून झाडीत मी आधी साध्या डोळ्यांनी वाट बघतो, मग स्कोपला डोळा लावतो.

गोल नाकाचं खरं कारण वेगळं आहे. .३०-३० च्या लिव्हर रायफलीत नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर, टेकली तर धक्क्याने बार उडायची भीती. त्या बंदुकीची गरज होती, ती लोकांनी जंगलाची करून टाकली.

आता माळ. तिथे सेजब्रशची झुडपं गुडघाभर, ॲन्टेलोपची नजर भयंकर, त्यामुळे अडीचशे-तीनशे यार्ड धरूनच चाला. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर तीनशेवर तुमची गोल गोळी साधारण सव्वा फूट सरकणार. टोकदार १६५ ग्रेन सात-साडेसात इंच. आणि त्या जनावराची छाती वरपासून खालपर्यंत जेमतेम चौदा-पंधरा इंच! दहा मैल म्हणजे लॅरेमीत वारा पडलाय म्हणतात, राव. आय-८० महामार्गावर वाऱ्यामुळे हलक्या उंच गाड्यांना रस्ता बंद करतात तो हाच भाग.

१६५ ग्रेन, टोकदार, बॉन्डेड घ्या. म्हणजे शिसं आणि तांब्याचं कवच एकमेकांना चिकटवलेली. पातळ कवचाची साधी गोळी लांबवर लागली की छान फुलते, म्हणजे पसरते, पण पन्नास यार्डांवर फुटते आणि खांद्याचा खिमा करते. बॉन्डेड दोन्हीकडे चालते, म्हणजे नोव्हेंबरात घरच्या झाडीतही तीच वापरता येईल. झिरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जुळण्याचं अंतर, २०० यार्डांवर ठेवा. तीनशेवर नऊएक इंच खाली, चारशेवर दोन फूट. चारशेचा बार मात्र काढू नका, तुमचा सगळा सराव साठ यार्डांचा आहे.

फ्रेस्नोची_ताई:
आमच्याकडे कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे, कंडोर गिधाडांमुळे. जनावराच्या आतड्यात राहिलेले शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. तांब्याची घेणार असाल तर १५० ग्रेन बघा. तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. आणि तिला फुलायला वेग लागतो, लांबवर मंदावली की नुसती आरपार जाते. रायफल नव्याने झिरो करावी लागेल. मी केली नव्हती, पहिला डुक्कर हसत गेला.

कुडाळवालो:
वाचून मजा वाटली. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. करवंदीची जाळी, वीस पावलांवर रानडुक्कर, ग्रेन-बिन कोण विचारतोय! दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायला खेपा घालायच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार तर संपलीच. चालू द्या.

पिट्सबर्गकर:
सांगलीकर, १६५ बॉन्डेडचे दोन डबे आणले. काल रेंजवर २०० यार्डांना बाकाशी बसून तीन गोळ्या दोन इंचांत. मग गुडघ्यावर बसून मारल्या तर कागदावर तीनातली एकच. तेव्हा चारशेचं सोडा, बायपॉड (रायफलीचा दोन पायांचा टेकू) घेतोय आणि अडीचशेवर थांबतोय. ताई, झिरोचं लक्षात ठेवतो.

म्हाताऱ्याला फांदीचं अजून सांगितलेलं नाही. रविवारी तो जेवायला येतोय.