मदत हवी आहे: ज्युरी ड्युटीला पीटीओ (स्वतःची पगारी रजा) टाकावा लागतो का? (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी, बे एरियातल्या कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. सिटिझन झाल्यावर पहिल्यांदाच मिस्टरांना काउंटी कोर्टाचं ज्युरी समन्स (खटल्याचा निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या गटात बसायचं बोलावणं) आलंय, त्यांची जायची मनापासून इच्छा आहे पण मॅनेजर म्हणतोय रिलीजचा आठवडा आहे, जायचंच तर पीटीओ टाका. ज्युरीला गेलं म्हणून नोकरीवरून काढता येत नाही हे माहितीये, आणि ते सॅलरीड एक्झेम्प्ट (ठरावीक पगार, ओव्हरटाइम नाही) आहेत त्यामुळे त्या आठवड्यात थोडं जरी काम केलं तरी ज्युरीपायी पगार कापता येत नाही असा फेडरल नियम आहे, पण पीटीओ सक्तीने वजा करू शकतात का? हँडबुकमध्ये 'कायद्यानुसार रजा मिळेल' एवढी एकच ओळ.

मला जास्त काळजी बहिणीची आहे, ती स्टोअरमध्ये अवरली (तासाच्या पगारावर) काम करते, तिला अपघाताच्या केसमध्ये साक्षीदार म्हणून सपीना (कोर्टात हजर राहायचा आदेश) आलाय, तास बुडाले की पैसे बुडाले. ज्युरीला निदान दुसऱ्या दिवसापासून साधारण 15 डॉलर रोजचे तरी मिळतात. समन्सची कॉपी एचआरला मेल केली की पुरतं, का कोर्टातून हजेरीचं सर्टिफिकेट पण आणावं लागतं? आणि तारीख पुढे ढकलून घेतलेल्यांनी कसं केलं तेही सांगा.