मदत हवी आहे : अलास्कातील बंदरांवर स्थानिक मार्गदर्शकांच्या सहली

येत्या जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन आम्ही सिएटलहून अलास्काच्या क्रूझवर जाणार असून जहाज केचिकान, जुनो आणि स्कॅगवे येथे थांबेल. जहाजातर्फे होणाऱ्या सहली महाग आहेतच, शिवाय मोठ्या बसमधून घाईघाईने फिरणे मला रुचत नाही, म्हणून स्थानिक मार्गदर्शकाबरोबर लहान गटात फिरण्याचा विचार आहे. मात्र बाहेरून ठरवलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज आपल्यासाठी थांबत नाही, आणि जुनो तर बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडलेलेच नाही. तेव्हा परतीसाठी किती वेळ हाताशी ठेवावा?

जुनोजवळच्या ऑक बे येथून देवमासे पाहायला निघणाऱ्या छोट्या बोटींत गुडघेदुखी असलेल्या आईला चढउतार जमेल का, आणि त्याच दिवशी मेंडेनहॉल हिमनदी निवांत पाहून होते का? परतीत व्हिक्टोरियाला थांबा असल्याने कॅनडाचा व्हिसा आम्ही काढणारच आहोत. त्यामुळे स्कॅगवेहून १९०० मध्ये पूर्ण झालेल्या व्हाइट पास रेल्वेने केवळ खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन यावे, की पुढे बसने कॅनडातील युकॉन प्रांतही पाहावा, हे ठरत नाही. केचिकानचा पाऊस गृहीतच धरला आहे.

ज्येष्ठांसह तेथे जाऊन आलेल्या सभासदांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.