वसंत सहल: एप्रिल की मे?

सप्रेम नमस्कार,

गेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे यंदाच्या वसंत सहलीचा कच्चा आराखडा सर्व सभासदांच्या विचारार्थ पाठवत आहे. सहल शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची असावी, शनिवारी व्हर्जिनियातील शेनंडोआ राष्ट्रीय उद्यान आणि रविवारी वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय वृक्षोद्यान पाहावे, असा समितीचा विचार आहे. शनिवारी जाताना बॉइस गावाजवळच्या ब्लँडी येथे तासभर थांबता येईल. तेथे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अखत्यारीत १७२ एकरांचे वृक्षोद्यान आहे. दोन्ही वृक्षोद्यानांना प्रवेशशुल्क नाही, हे खजिनदारांच्या कानावर मुद्दाम घालते.

मुलांच्या परीक्षा मे महिन्यात असल्याने एप्रिलचा तिसरा शनिवार सोयीचा वाटतो. पन्नास आसनी बस केल्यास सर्वांना एकत्र जाता येईल. गेल्या वेळी एका सभासदांच्या आईवडिलांचा ‘राष्ट्रीय उद्यान’ या शब्दावरून गोंधळ झाला होता. फुलांचे वाफे, कारंजे आणि बाके अशी कल्पना करून ते चपला घालून आले आणि समोर डोंगर पाहून थबकले. म्हणून आधीच सांगते की शनिवारचे उद्यान म्हणजे अरण्य आहे आणि रविवारचे उद्यान म्हणजे बाग. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, त्याला समितीचा इलाज नाही.

आपली मते याच आठवड्यात कळवावीत, ही विनंती.

सहल समितीची निमंत्रक

———

सप्रेम नमस्कार,

आराखडा उत्तम आहे, परंतु तारखेबद्दल माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो का आहे, हे जरा सविस्तर सांगण्याची परवानगी असावी. मी गेली अठरा वर्षे दर वसंतात या डोंगरावर जातो. त्यातली पहिली दोन वर्षे मी एप्रिलच्या मध्यास गेलो आणि करड्या, निष्पर्ण फांद्या पाहून हात हलवत परत आलो.

पायथ्याचे फ्रंट रॉयल गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० फुटांवर आहे, तर डोंगराच्या कण्यावरून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता स्कायलँडजवळ ३,६८० फुटांपर्यंत चढतो. वसंत या डोंगरावर दिवसाला साधारण शंभर फूट चढतो, असा तेथील जुना अंदाज आहे. म्हणजे पायथ्याशी फुटलेली पालवी माथ्यावर पोचायला एक महिना घेते. आपण एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी गेलो, तर खाली सगळे हिरवेगार असेल आणि वर अजून हिवाळा रेंगाळत असेल. मेच्या पहिल्या शनिवारी गेलो, तर चित्र उलटते. पायथ्याशी उन्हाळ्याची चाहूल लागलेली असते आणि गाडी चढू लागली, की आपण दिनदर्शिकेची पाने मागे उलटत जातो. खाली रेडबडचा बहर संपून त्याला हृदयाच्या आकाराची पाने आलेली असतात, मधल्या उंचीवर डॉगवुड फुललेले असते आणि अगदी वरच्या ओक वृक्षांवर तांबूस कोंब नुकतेच दिसू लागलेले असतात. एका दिवसात महिनाभराचा वसंत पाहायचा असेल, तर तो मेच्या आरंभीच पाहता येतो.

रेडबडविषयी थोडे विषयांतर करतो. नावात लाल असला, तरी त्याचा रंग गुलाबी-जांभळा असतो. हे झाड आपल्या कांचनाच्या जवळच्या नात्यातले आहे. पाने येण्याआधी त्याच्या फांद्यांवरच नव्हे, तर जून खोडाच्या सालीतूनही थेट फुलांचे झुबके फुटतात. फणस खोडाला लागलेला पाहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटू नये, पण तरी वाटते. डॉगवुडची गंमत वेगळी आहे. त्याच्या ज्या चार पांढऱ्या पाकळ्या आपण समजतो, त्या पाकळ्या नसून बोगनवेलीसारखी रंगीत सहपत्रे असतात आणि खरी फुले म्हणजे मधोमध दिसणारा हिरवट-पिवळा बारीक पुंजका. हे व्हर्जिनियाचे राज्यपुष्प आहे, त्यामुळे ते ओळखता आले नाही, तर इथे राहून उपयोग काय?

रविवारच्या वृक्षोद्यानालाही मेचा आरंभ सोसवतो. तेथील माउंट हॅमिल्टनच्या उतारावरचे अझेलिया एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत भरात असतात. त्या उद्यानाचे पहिले संचालक बेंजामिन मॉरिसन यांनी स्वतः संकरातून तयार केलेल्या ग्लेन डेल जातींची हजारो झुडपे त्या उतारावर आहेत. चेरीचा बहर मात्र तोवर केव्हाच ओसरलेला असेल, आणि १९१२ साली जपानहून आलेल्या त्या झाडांसाठी ज्यांना गर्दीत उभे राहायचे आहे, त्यांनी मार्चच्या अखेरीस स्वतंत्रपणे जावे.

आपला,
एक जुना सभासद

———

सप्रेम नमस्कार,

प्रवेशशुल्काचा उल्लेख माझ्यासाठीच होता, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

बस करू नये, असे माझे मत आहे. स्कायलाइन ड्राइव्हवर थॉर्नटन गॅपच्या प्रवेशद्वारापासून दक्षिणेकडे गेले, की लगेच, म्हणजे बत्तिसाव्या मैलाशी, मेरीज रॉकचा बोगदा लागतो. तो खडक फोडून काढलेला आहे आणि त्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. बसवाल्याकडे चौकशी केली, तेव्हा ‘बहुधा मावेल’ असे उत्तर मिळाले. बहुधा या शब्दाच्या भरवशावर पन्नास माणसे बोगद्यात घालण्याची माझी तयारी नाही. शिवाय भाड्याच्या बसच्या प्रवेशाचे नियम खाजगी गाडीपेक्षा वेगळे असतात.

खाजगी गाडीला ३० डॉलर पडतात आणि ते सात दिवस चालतात. शुल्क गाडीमागे असल्याने आत दोन माणसे असोत की सात, फरक पडत नाही, तेव्हा मोठ्या गाड्या असलेल्या सभासदांनी पुढे यावे. आणखी एक सोय अशी, की ६२ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीकडे ज्येष्ठांचा पास असेल, तर तिच्यासोबत त्याच गाडीतून जाणाऱ्या सर्वांचा प्रवेश त्यात होतो. त्यामुळे प्रत्येक गाडीत एक पासधारक आजी किंवा आजोबा बसवावेत, असा प्रस्ताव मी गंभीरपणे मांडत आहे. हा पास केवळ नागरिकांना व कायमस्वरूपी रहिवाशांना मिळतो, म्हणजे भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना तो मिळणार नाही. गेल्या वर्षी प्रवेशद्वारावर आमचे हेच झाले. सासरेबुवांनी पांढऱ्या केसांकडे बोट दाखवून पाहिले, पण खिडकीतल्या बाईंनी हसून पैसे घेतलेच.

आपला नम्र,
खजिनदार

———

सप्रेम नमस्कार,

माझी सून रोज तुमची पत्रे मला वाचून दाखवते. तारखेचे तुम्ही ठरवा, मी येणार आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली फुले तोडण्याविषयी. या देशातल्या माझ्या पहिल्याच वसंतात एका सार्वजनिक बागेत मी देवासाठी चार अझेलियाची फुले खुडून पदरात घेतली होती. तेथील माळी आला, रागावला नाही, पण त्याने मला ती फुले त्याच झुडपाच्या मुळाशी ठेवायला लावली. मी ती एकेक करून ठेवली. पन्नाशीच्या बाईला असे वाकून फुले परत करावी लागणे किती जड जाते, ते मी विसरलेले नाही. या डोंगरावर तर फूल तोडणे नियमानेच बंद आहे. तुमच्यातल्या पुष्कळ जणींचा हात ट्रिलियमकडे जाईल, कारण त्याला तीन पाने, तीन पाकळ्या, सगळे बेलाच्या त्रिदळासारखे असते आणि ते शंकराला वाहावे, असे वाटतेच वाटते. पण सुनेने मला समजावले, की देठ पानांसकट तुटला, तर खालच्या कंदाला वर्षभराचे अन्न मिळत नाही. बीपासून पहिले फूल यायला त्याला सात-सात वर्षे लागतात. त्या बिया मुंग्या ओढून नेतात, म्हणजे त्याचा पसाराही मुंगीच्या पावलांनीच होतो. पांढरे फूल जून झाले, की गुलाबी होते, तेव्हा गुलाबी दिसले, तर वेगळी जात समजू नका.

दुसरी गोष्ट फॉक्स हॉलोची. उत्तरेकडून चढताना साडेचार मैलांवर डिकी रिजचे माहिती केंद्र लागते आणि रस्त्यापलीकडे सव्वा मैलाची एक गोल पायवाट आहे. मी ती काठी घेऊन सावकाश चालले. वाटेत रानात दगडांचे ढीग आणि कुंपणाच्या भिंती लागतात आणि मग फॉक्स कुटुंबाची लहानशी दफनभूमी येते. तिच्याभोवती जमिनीवर गर्द हिरवी वेल पसरलेली आहे आणि तिला पाच पाकळ्यांची निळसर जांभळी फुले येतात. मी म्हटले, ही तर सदाफुली. सून म्हणाली, सदाफुलीच्या कुळातलीच आहे, पण ही इथली रानवेल नव्हे, घराजवळ कोणीतरी लावलेली आहे. मी तिथेच बसले. घराचे छप्पर गेले, माणसे गेली, शेताचे रान झाले आणि कुणा बाईने लावलेली वेल अजून फुलते आहे. तुम्ही म्हणता शनिवारचे उद्यान म्हणजे अरण्य आणि रविवारचे म्हणजे बाग, पण मला तिथे बागच दिसली.

सर्वांना आशीर्वाद.

———

सप्रेम नमस्कार,

आजींच्या पत्रानंतर लिहिण्यास संकोच वाटतो, पण त्यांनी पाहिले, त्याच्यामागचा इतिहास सभासदांना माहीत असावा. हे राष्ट्रीय उद्यान २६ डिसेंबर १९३५ रोजी अस्तित्वात आले आणि पुढच्या जुलैत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बिग मेडोज येथे त्याचे लोकार्पण केले. त्यापूर्वी व्हर्जिनिया राज्याने ही जमीन संपादनाचा कायदा करून ताब्यात घेतली होती आणि पाचशेहून अधिक कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. काही मोजक्या वृद्धांना मरेपर्यंत राहू दिले गेले आणि त्यांपैकी शेवटच्या बाई १९७९ मध्ये वारल्या. आज आपण ज्याला घनदाट जंगल म्हणतो, त्याचा बराच भाग तेव्हा कुरण, शेत आणि फळबाग होता. रस्त्याकडेच्या देखण्या दगडी भिंती बांधणाऱ्या मंदीच्या काळातल्या तरुण कामगारांनी झाडेही लावली, पण बाकीचे काम रानाने आपणहून केले. धरणासाठी उठलेली गावे आपल्यापैकी ज्यांच्या घरात आठवणीने जिवंत आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

म्हणून फॉक्स हॉलोला अर्धा तास नव्हे, दीड तास द्यावा आणि ब्लँडीचा थांबा कमी करावा, असे सुचवतो. ब्लँडीची खरी शान असलेली गिंकोची राई, एका प्राध्यापकाने प्रयोगासाठी लावलेली तीनशेहून अधिक झाडे, शरदात पिवळी होते. वसंतात तिची घाई नाही.

आपला,
एक सभासद

———

सप्रेम नमस्कार,

मला फक्त इतकेच विचारायचे आहे, की वळणांच्या रस्त्यावर ज्यांना गाडी लागते त्यांनी काय करावे, आणि स्वच्छतागृहे कोठे कोठे आहेत?

एक सभासद, दोन लहान मुलांची आई

———

सप्रेम नमस्कार,

सर्वांच्या पत्रांबद्दल आभार. चर्चेअंती सहल मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी ठरली आहे. ज्यांच्या मुलांची परीक्षा आहे, त्यांनी केवळ रविवारी आले तरी चालेल. बस रद्द केली असून आपण आपापल्या गाड्यांनी जाऊ.

शनिवारी सकाळी थेट फ्रंट रॉयलला जमायचे आहे. ब्लँडीचा थांबा वगळला आहे, त्याचा विचार नोव्हेंबरात करू. गाडीची टाकी पायथ्यालाच भरून घ्यावी. स्कायलाइन ड्राइव्हवर वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे आणि ती पाळली, तर गाडी लागण्याची तक्रार आपोआप निम्मी होते. उरलेल्या निम्मीसाठी मुलांना खिडकीशी बसवावे आणि फोन काढून घ्यावेत. स्वच्छतागृहे डिकी रिजला, चोविसाव्या मैलावर एल्कवॉलो येथे आणि पुढे पिनॅकल्सच्या सहभोजनस्थळी आहेत. मैलांची मोजणी उत्तर टोकापासून सुरू होते, त्यामुळे मैलाचा आकडा लक्षात ठेवला, की चुकामूक होत नाही. डोंगरावर खालच्यापेक्षा साधारण दहा अंश फॅरनहाइट थंडी असते, तेव्हा स्वेटर घ्यावा, आणि गवतात गोचिडी असतात, म्हणून पाय झाकणारे कपडे घालावेत. जेवण प्रत्येकाने घरून आणावे, पण उरलेले अन्न आणि डबे उघडे टाकू नयेत, कारण अस्वले हिवाळ्याच्या मुक्कामातून नुकतीच बाहेर पडलेली असतात आणि पुऱ्यांचा वास त्यांना आपल्याइतकाच आवडतो.

डिकी रिजहून फॉक्स हॉलोची वाट आपण आजींसोबत त्यांच्या चालीने चालणार आहोत, त्यामुळे पुढे पळणाऱ्यांनी कृपया थांबावे. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ४३ व्या मैलावरची लिंबरलॉस्ट ही चाकांच्या खुर्चीला चालणारी सपाट वाट निवडली आहे. तेथे जाताना खजिनदारांचा बोगदा लागेल, पण गाड्या त्यातून आरामात जातात.

रविवारी वृक्षोद्यानात सकाळी अझेलियाचा उतार आणि मग बॉनसाय संग्रहालय पाहू. संग्रहालयात १६२५ पासून जोपासलेला एक पाइन वृक्ष आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा तो तेथील यामाकी कुटुंबाच्या आवारात होता आणि वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट म्हणून आला, पण त्याची ही कहाणी २००१ मध्ये त्या कुटुंबातले नातू भेटीला आले तेव्हाच संग्रहालयाला कळली. शेवटी कुरणात उभे असलेले २२ कॉरिंथियन खांब पाहू. ते १९५८ मध्ये संसदभवनाच्या पूर्वेकडील भागातून काढलेले आहेत. सामूहिक छायाचित्र तेथेच काढायचे आहे.

गाडीत किती जागा आहेत आणि सोबत पासधारक ज्येष्ठ आहेत का, हे प्रत्येकाने गुरुवारपर्यंत कळवावे. सध्या चार गाड्यांना आजोबा मिळालेले नाहीत.

सहल समितीची निमंत्रक