दीड लाख कुठून उभे करायचे?

(गोव्यातल्या एका कुटुंबाचा ग्रुप: 'मूळ घर, सत्तरी')

प्रशांत: सगळ्यांना नमस्कार. मागच्या पडवीचं छप्पर या पावसात टिकत नाही. काल सुतार येऊन वासे बघून गेला. चार वासे वाळवीने आतून पोकळ केलेत, नखाने खरवडलं तरी भुसा गळतो. कौलं उतरवून वासे-रिपा बदलायच्या तर दीड लाख सांगतो. काजूचे पंचवीस हजार हातात आहेत. बाकीचं कर्ज काढावं लागेल. बँकेत गेलो तर घराचे कागद मागितले. गावात, वाळपईत कोणी देणारं ओळखीचं असेल तर सांगा.

निखिल: दादा, अ‍ॅपवर घे ना. पाच मिनिटांत खात्यात. माझ्या रूममेटने घेतलेत.

मीनलताई: निखिल, तू जरा थांब.

संदेशदादा: बाजारात एक जण देतो रे. कागदपत्र काही नको, दोन कोरे चेक सही करून द्यायचे. संध्याकाळी पैसे हातात. शेकडा पाच.

शोभाआत्या: शेकडा पाच म्हणजे वर्षाला पाच?

विनायककाका: नाही गो शोभा, महिन्याला. वर्षाला साठ.

शोभाआत्या: 😳

मीनलताई: संदेश, हिशेब करू या का? सगळे दीड लाख त्याच्याकडूनच घेतले तर महिन्याला साडेसात हजार. ते फक्त व्याज. पहिल्या महिन्याचं ते आधीच कापून घेणार, म्हणजे हातात पडणार १,४२,५००. प्रशांतने वीस महिने इमानदारीने व्याज भरलं की दीड लाख देऊन झाले आणि मुद्दल जिथल्या तिथे. त्याचा पगार किती, तर सतरा हजार.

संदेशदादा: मी घे म्हणत नाही. कोण देतो ते विचारलं म्हणून सांगितलं. गावातले अर्धे लोक त्याच्याचकडे जातात.

मीनलताई: जातात, कारण तो प्रश्न विचारत नाही. पण कोरा चेक देऊ नका कोणी, कुणालाही. त्याला वाटेल तो आकडा घालून बँकेत टाकला आणि परत आला की चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस. दोन वर्षांपर्यंत शिक्षा नाहीतर चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, कायद्यात तसं आहे. मग कोर्टात 'मी एवढे घेतले नव्हते' हे तुम्ही सिद्ध करत बसायचं. आणि व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. गोव्याचा स्वतःचा सावकारीचा कायदा आहे, २००१ चा. त्या माणसाला परवाना दाखव म्हणून बघ एकदा.

संदेशदादा: तो मलाच दाखवील 😄

विनायककाका: आमच्या वेळी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या दारात जाऊन उभं राहायचं. देताना वहीत लिहायचा, परत करताना वही सापडायची नाही. आताचा हा बाजारातला तोच, फक्त वहीच्या जागी चेकबुक आलं.

निखिल: पण अ‍ॅपला काय प्रॉब्लेम? पाच हजारांपासून मिळतं.

मीनलताई: अ‍ॅप म्हणजे वाईटच असं नाही. पण अ‍ॅपच्या मागे कोणती बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते लिहिलेलं नसेल तर हात लावू नकोस. नोंद असलेल्या कर्जाच्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, तिथे नाव शोध. पैसे थेट तुझ्याच खात्यात यायला पाहिजेत, कुणा एजंटच्या खात्यातून फिरून नाही. फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागणारं अ‍ॅप असेल तर तिथेच डिलीट. उद्या एक हप्ता चुकला की शोभाआत्यालाही फोन येईल.

शोभाआत्या: मला कोणी फोन केला तर मी बघून घेईन त्याला.

मीनलताई: आणि घेऊन फसलं कोणी तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

प्रशांत: ताई, अ‍ॅप मला नकोच. पण बँक का देत नाही ते सांग. घर आहे, जमीन आहे, तरी मॅनेजर मान हलवतो.

मीनलताई: वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर नाव कोणाचं आहे?

प्रशांत: आजोबांचं.

मीनलताई: झालं की मग. आजोबा जाऊन किती वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, अजून झालेली नाही. कागदावर ते घर तुझं एकट्याचं नाहीच. गहाण ठेवायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या, आणि वारसांच्या नवरा-बायकोच्याही. गोव्यात लग्न झालं की, आधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता दोघांची, अर्धी-अर्धी. बँकेचा वकील एवढं बघणारच.

शोभाआत्या: म्हणजे आमच्या ह्यांची पण सही लागणार?

मीनलताई: हो आत्या.

शोभाआत्या: मग विसरा. ते लाइट बिलावर सही करताना पण चष्मा शोधतात.

विनायककाका: इन्व्हेंटरीचा विषय या ग्रुपवर नको. गणेश चवथीला समोरासमोर बोलू.

मीनलताई: काका, दर चवथीला हेच ठरतं 🙂 असो. प्रशांत, घर गहाण न ठेवता काय होतं ते बघू. काजूच्या बागायतीवर केसीसी, किसान क्रेडिट कार्ड, काढलंय का?

प्रशांत: आहे. पण ते काजूसाठीच.

मीनलताई: बरोबर. त्यात दहा टक्के घरखर्चाला धरलेले असतात, पण छप्पर त्यात बसणार नाही. ते तसंच राहू दे, वेळेत फेड, व्याजात सूट मिळते. रेश्माच्या गटाचं काय?

रेश्मावहिनी: आमच्या बचत गटात सध्या शिल्लक आहे. शेकडा एक व्याज लावतो, दर महिन्याच्या बैठकीत वसूल. पण एका बाईला पंचवीस हजारांच्या वर देत नाही, नाहीतर बाकीच्यांना वेळेला मिळत नाही. आमच्यात दोघींची मुलं यंदा कॉलेजला जातात, त्यांना जूनमध्ये लागतील. मी वीस मागेन.

विनायककाका: शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा. आणि ते व्याज शेवटी गटातच राहतं. हे बरं.

रेश्मावहिनी: हो काका. वर्षअखेरीस वाटणीला परत येतं. आणि खरं सांगू, गटाचे पैसे बुडवता येत नाहीत कोणाला. बैठकीला सगळ्यांच्या समोर हिशेबाची वही वाचतात, हप्ता थकला की नाव घेऊन वाचतात. बँकेची नोटीस परवडली. मागच्या महिन्यात एकीने दोनशे रुपये कमी भरले तर तिने स्वतःच्या नावावर लाल शाई नको म्हणून शेजारणीकडून उसने आणून तिथल्या तिथे भरले.

मीनलताई: गटाला बँकेचं कर्जही मिळतं, महिला गट ग्रामीण जीवनोन्नती मिशनमध्ये असेल तर तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी. तुमच्या गटाने घेतलंय?

रेश्मावहिनी: एकदा घेतलं, फेडलं. पण ते गटाच्या नावावर येतं, मग वाटप ठरवायला दोन बैठका जातात. पाऊस आमच्या बैठकीसाठी थांबणार नाही.

रेश्मावहिनी: दर मंगळवारी ती मायक्रोफायनान्सची माणसं येतात वाड्यावर. पाच बायकांचा ग्रुप करा म्हणतात, एकीने नाही भरलं तर चौघींनी भरायचं.

मीनलताई: त्यांचं व्याज बहुतेक वेळा वीसच्या वर असतं. बेकायदा नाही ते, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत, आणि घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. हा निम्म्याचा नियम कुठलंही कर्ज घेताना स्वतःला लावून बघा. प्रशांत, बाइकचा हप्ता किती?

प्रशांत: २,८००. अजून वर्षभर आहे.

संदेशदादा: मग पतसंस्थाच बरी. गावातली क्रेडिट सोसायटी तेरा टक्क्याने देते. दोन जामीन आणि पगाराची स्लिप.

मीनलताई: तेरा टक्के घटत्या शिलकीवर की फ्लॅट?

संदेशदादा: तेरा म्हणजे तेरा ना?

मीनलताई: इथेच सगळे फसतात. एक लाख, तीन वर्षं, तेरा टक्के. फ्लॅट असेल तर पूर्ण एक लाखावर तिन्ही वर्षं व्याज, म्हणजे ३९,००० रुपये. हप्ता ३,८६१. घटत्या शिलकीवर असेल तर तू फेडशील तसं व्याज कमी होत जातं, एकूण साधारण २१,३०० रुपये, हप्ता ३,३६९. बोर्डवर दोन्हीकडे 'तेरा टक्के'च लिहिलेलं. बँकेत आणि फायनान्स कंपनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून केएफएस नावाचा एक कागद द्यावाच लागतो, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर असतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, ती सहकार निबंधकाखाली. तिथे तो कागद मिळेलच असं नाही, म्हणून तोंडाने विचारायचं: एकूण किती रुपये परत द्यायचे, शेअरचे किती कापणार, प्रोसेसिंग किती, आधी फेडलं तर दंड आहे का. आकडा कागदावर लिहून घ्यायचा आणि त्यावर शिक्का.

प्रशांत: मॅनेजर ओळखीचा आहे, शिक्का मागितला तर काय म्हणेल?

मीनलताई: ओळखीचा आहे म्हणून तर लवकर देईल.

शोभाआत्या: मी त्या सोसायटीत फिक्स ठेवलेत गो. एक टक्का जास्त देतात. ते सुरक्षित आहेत ना?

मीनलताई: आत्या, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आठवतं ना, २०२० आणि २०२१ मध्ये गोव्यातल्या दोन अर्बन बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले. त्या बँका होत्या म्हणून ठेवीदारांना विम्याचा तरी आधार होता. कर्ज तिथून घ्यायला हरकत नाही, सगळी पुंजी तिथे नको.

शोभाआत्या: आता हे मला रात्री झोपू देणार नाही. उद्या फोन करते तुला.

प्रशांत: जामीन कोण राहील? संदेशदादा, तुझी सरकारी नोकरी...

संदेशदादा: माझं नाव घेऊ नकोस बाबा. खाणी चालू होत्या तेव्हा एका ट्रकवाल्या मित्राला जामीन राहिलो होतो. २०१२ ला खाणी बंद झाल्या, त्याचा ट्रक दारात उभा राहिला तो उभाच. सोसायटीने ऑफिसला पत्र पाठवलं आणि माझ्या पगारातून कापायला सुरुवात केली. तो आजही भेटला की चहा पाजतो.

विनायककाका: चहा तरी पाजतो.

मीनलताई: जामीनदार म्हणजे नुसती ओळख पटवणारा नाही, कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराएवढीच. सोसायटीने आधी प्रशांतच्या मागे लागलं पाहिजे असंही नाही. संदेश नको म्हणतो ते बरोबरच आहे. म्हणून कर्ज जितकं लहान तितकं बरं. प्रशांत, खरंच दीड लाख लागतात?

विनायककाका: मी तेच विचारणार होतो. चार वासे पोकळ आहेत तर पूर्ण पडवी का उघडतो? सुताराला सांग, खराब तेवढं काढ. जुनी कौलं धुऊन परत चढवा, नवी फुटलेल्यांपुरती. फणसाचं लाकूड आपल्याच भाटात पडलंय मागच्या वादळापासून, ते कापून घे.

प्रशांत: ते लाकूड विसरलोच होतो काका. पण अजून एक आहे, मला सांगायला बरं वाटत नव्हतं. गणपतीच्या खोलीतला मधला वासा पण गेलाय. ज्याला गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधतो तोच.

शोभाआत्या: अरे मग आधी नाही सांगायचं!

विनायककाका: माटोळीचा वासा एकट्या प्रशांतचा कसा? नारळ, सुपारीचे घोस, सगळ्याचा भार त्याच्यावर. चवथीला चाळीस माणसं खाली जेवायला बसतात. तो खर्च सगळ्या घरांचा.

मीनलताई: मान्य. माझे दहा हजार. कर्ज म्हणून नाही, वर्गणी म्हणून.

विनायककाका: माझे दहा.

शोभाआत्या: माझे पण. ह्यांची सही न घेता 😄

संदेशदादा: घ्या दहा. जामिनापेक्षा हे स्वस्त.

निखिल: मी पाच देतो. आणि शनिवारी कौलं उतरवायला येतो.

मीनलताई: आता बघा. सुतार फणसाचं लाकूड वापरून सव्वा लाखात करायला तयार झाला असं धरू. काजूचे पंचवीस, घरचे पंचेचाळीस, गटाचे वीस. उरले पस्तीस. जपून चाळीस घे सोसायटीतून, दोन वर्षांसाठी. तेराने, घटत्या शिलकीवर, हप्ता साधारण १,९००. गटाचे वीस दहा महिन्यांत, पहिला हप्ता २,२००. बाइकचे २,८००. मिळून सात हजारांच्या आत. निम्म्याच्या खाली आलास. शेकडा पाचवाल्याला नुसतं व्याज साडेसात देणार होतास.

प्रशांत: ताई, देव बरें करूं. चाळीसला एकच जामीन चालतो, माझ्या कंपनीतला शेजारी राहील, त्याला मी आधी राहिलोय.

संदेशदादा: त्याने त्याचं फेडलंय ना?

प्रशांत: फेडलंय रे, बघितलंय.

रेश्मावहिनी: बैठक गुरुवारी आहे. मी अर्ज आजच लिहून ठेवते.

दत्ताकाका (पुणे): सगळं वाचलं. माझेही दहा. पण पैसे कोणाच्या खात्यात आणि पावती कोणाच्या नावाने?

प्रशांत: रेश्माच्या खात्यात काका. सुताराची आणि लाकूड कापणाऱ्याची पावती ग्रुपवर टाकतो.

दत्ताकाका (पुणे): टाक. नंबर पाठव.

शोभाआत्या: आणि प्रशांत, सोसायटीत मंगळवारी जाऊ नकोस. मॅनेजर त्या दिवशी साखळीला असतो, काउंटरवरचा पोरगा काहीही सांगतो.