व्हेंडर पोर्टल टॅलीला जोडताना लेजर आहेत तशीच उचलू द्यायची का?

रबाळे_परचेस: नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचं पॅकिंग मशीनचं युनिट आहे. हिशोब टॅलीत, गेट एंट्री आणि जीआरएन (माल मिळाल्याची पावती) स्टोअरच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. आता पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि बिलांसाठी व्हेंडर पोर्टल घेतलंय, म्हणजे सप्लायर ऑनलाइन बिलं चढवतील. पोर्टलवाले म्हणतात, लेजर (टॅलीतली पार्टीची खाती) एक्सेलमधून उचलतो, एप्रिलपासून सुरू करा. पण वागळे इस्टेटच्या एकाच फॅब्रिकेटरची तीन लेजर आहेत: कुठे 'इंजि.', कुठे 'इंजिनिअरिंग', कुठे 'वर्क्स'. साहेब म्हणतात, साफसफाई नंतर बघू. काय करू?

ठाणेकर_आयटी: रोजची जोडणी एक्सेलवर नको. टॅली दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून एक्सएमएल स्वरूपात माहिती थेट घेते, पण त्या मशीनवर टॅली आणि कंपनी उघडी हवी. आधी डेटाच्या कॉपीवर चालवून बघा.

खातेवही_ठाणे: ताई, साफसफाई आधीच. सुरू झाल्यावर पीओ एका लेजरवर आणि बिल दुसऱ्यावर पडलं, की ॲडव्हान्स जुळवता जुळवता मार्च उजाडतो.

नावावरून जुळवू नका, पॅन आणि जीएसटी नंबर धरा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दहा म्हणजे पॅन. वापीची पार्टी भिवंडीच्या गोडाऊनमधूनही माल देत असेल तर २४ (गुजरात) आणि २७ (महाराष्ट्र) ने सुरू होणारे दोन नंबर दिसतील. दोन्ही खरे आहेत, ते एकत्र करू नका. २४ वर आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीचा) लागतो, २७ वर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीचा).

बँक खातं बदलायची विनंती पोर्टलवर येऊ दे, पण ती आपोआप टॅलीत जाता कामा नये. अकाउंट्सने आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मगच बदल. खोट्या मेलवरून पैसे भलत्याच खात्यात गेले की परत मिळवणं फार अवघड.

आणि जीआरएनची तारीख! उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३ च्या फायनान्स ॲक्टपासून मुदत चुकली तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये पैसे देऊ त्याच वर्षी वजा मिळतो. दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून, बिल अपलोड झाल्यापासून नव्हे.

रबाळे_परचेस: आत्ताच डेमो उघडून पाहिलं. ड्यू डेट बिल अपलोडवरूनच धरतंय. स्टोअरचं सॉफ्टवेअर त्यांच्या यादीतच नाही.

खातेवही_ठाणे: मग जीआरएन जोडल्याशिवाय सही करू नका. हे त्यांच्याकडून लेखी घ्या, पीओ नंबर आणि स्वीकारलेली संख्या यांसकट. रिजेक्ट झालेला माल वेगळा दिसलाच पाहिजे.

दिघा_जॉबवर्क: मी समोरच्या बाजूचा, लेथवर जॉबवर्क करतो. जीएसटी नंबर नाही, तर एका कंपनीच्या पोर्टलवर फॉर्म पुढेच सरकेना आणि बिल अडकून राहिलं. ताई, आमच्यासाठी पॅनवर नोंदणी चालेल असं करून घ्या. बिलही गेटवर कागदावर घ्या, तुमच्याकडच्या कोणीतरी चढवलं तर आमचा हप्ता चुकणार नाही.

रबाळे_परचेस: दादा, हे सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी मांडते.