उन्हाळी मॅरेथॉन आणि तळ्याकाठचं गाव: पीबीसाठी (स्वतःच्या सर्वोत्तम वेळेसाठी) जाऊ नये, असं माझं ठाम मत

लांबपल्ला
दरवर्षी हाच विचार ऐकतो. उन्हाळ्यात पूर्ण मॅरेथॉन करायची आहे ना, मग सरोवराकाठची शर्यत निवडा, पाण्यामुळे गारवा असतो. तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं, सोळा आठवड्यांचा सराव होतो आणि तिसाव्या किलोमीटरनंतर माणसं रस्त्याच्या कडेला वाकून उभी दिसतात.

पाणी दिसतं म्हणजे हवा थंड असते असं नाही. सरोवराकडून वारा येतो तो जमीन तापल्यावर. जमिनीवरची हवा वर चढते आणि तिच्या जागी पाण्यावरची थंड हवा आत येते. सकाळी लवकर, शर्यत सुटते तेव्हा, हा वारा बहुधा नसतोच. उथळ तळं तर उन्हाळ्यात स्वतःच तापतं, त्याच्याकडून मिळते फक्त आर्द्रता. घाम वाळलाच नाही तर शरीर निवणार कसं?

फिरायला जरूर जा. पण वर्षाची मुख्य शर्यत, जिच्यावर पीबीची आशा ठेवायची ती, उन्हाळ्यात नको.

काठकाठ
पूर्ण असहमत. सगळी तळी एका मापाने मोजू नका. अमेरिकेतल्या डुलुथ शहराची ग्रँडमाज मॅरेथॉन 1977 पासून जूनमध्ये होते. मार्ग टू हार्बर्स गावाहून लेक सुपीरियर सरोवराच्या काठाने डुलुथपर्यंत. हे सरोवर सर्वांत खोल जागी 400 मीटरहून जास्त आहे, त्यामुळे जूनमध्येही पाणी गारठलेलं असतं. अमेरिकन धावपटू डिक बियर्डस्लीने 1981 मध्ये इथे 2:09:37 वेळ दिली आणि तो कोर्स रेकॉर्ड (त्या मार्गावरचा विक्रम) 2014 पर्यंत टिकला. उन्हाळी शर्यतीत चांगली वेळ निघतच नाही, हे कुठल्या आधारावर म्हणता?

लांबपल्ला
@काठकाठ, खोलीचा मुद्दा मान्य, तो महत्त्वाचाच आहे. पण बियर्डस्ली सव्वादोन तासांच्या आत मोकळा झाला. आपल्यातले बहुतेक जण चार ते साडेपाच तास रस्त्यावर असतात, म्हणजे शर्यतीचा उत्तरार्ध चढत्या उन्हात. ईशान्येकडून वारा आला तर त्या मार्गावर तो पाठीवर असतो, वेळेसाठी उत्तमच. पण वाऱ्याचा आणि तुमचा वेग सारखा झाला की अंगाला हवा लागत नाही. त्यात वर ऊन असेल तर आपण अक्षरशः शिजतो.

शिकागोही सरोवराकाठीच आहे. 2007 मध्ये, तेही ऑक्टोबरमध्ये, पारा 30 अंशांपार गेला आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. मार्ग बहुतांश शहरातल्या रस्त्यांवरून जातो, तिथे मिशिगन सरोवर काय करणार?

सावकाश_पण_पूर्ण
मी पाच तासवाल्यांपैकी. तुमचं विज्ञान बरोबर, पण निष्कर्ष मला पटत नाही. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे सरोवराचा वारा उशिरा सुटतो, म्हणजे तो आम्हा मागच्यांनाच मिळतो! मार्ग काठालगत असेल तर शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये त्या वाऱ्याने जीवात जीव येतो, हे मी अनुभवलं आहे.

आणि पीबी हेच एक कारण असतं का हो? छोट्या गावातली शर्यत म्हणजे अख्खं गाव रस्त्यावर. लोक घरासमोर पाण्याचे पाइप धरून उभे असतात, लहान मुलं बर्फ वाटतात. घरच्यांनाही चार दिवस पाण्याकाठी मिळतात. एरवी माझ्या लाँग रनमुळे (सरावाच्या लांब धावण्यामुळे) त्यांचे सगळे रविवार जातात, त्याची ही थोडी भरपाई. मी यंदाही जाणार.

तंबूतली_सेवा
शर्यतीच्या वैद्यकीय तंबूत मदत करते, म्हणून लिहिते आहे. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण थंड प्रदेशातून आदल्या दिवशी येऊन उन्हात धावू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. ती सवय घरूनच, दुपारच्या हलक्या धावण्याने करून या.

दुसरं, भीतीपोटी प्रत्येक एड स्टेशनवर (वाटेतल्या पाण्याच्या टेबलावर) पोटभर पाणी पिऊ नका, अति पाण्याने रक्तातलं सोडियम घटतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. तहानेप्रमाणे प्या.

आणि सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सावलीत बसवून पुढे जाऊ नका. स्वयंसेवकांना तात्काळ हाक मारा. उष्माघातात आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून अंग थंड करायचं, मग रुग्णालय. ती मिनिटं फार मोलाची असतात.

काठकाठ
@तंबूतली_सेवा, ही माहिती मोलाची. तरी माझा मुद्दा सोडत नाही. काठालगतचा मार्ग, खोल पाणी, लवकरची सुरुवात, हे तिन्ही जुळलं तर वेळेसाठी धावायला हरकत नसावी.

लांबपल्ला
@काठकाठ, तिन्ही जुळलं तरी त्या दिवशीची हवा कोणाच्या हातात? टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उष्म्यामुळेच उत्तरेला साप्पोरोला हलवली, तरी 2021 मध्ये महिलांची शर्यत आयत्या वेळी तासभर अलीकडे, सकाळी 6 ला घ्यावी लागली. शेकडो किलोमीटर सरकूनही ऊन चुकलं नाही.

@सावकाश_पण_पूर्ण, तुमच्या कारणांवर माझा आक्षेप नाही, तुम्ही जाच. फक्त सकाळी उष्म्याच्या धोक्याचा लाल झेंडा लागलेला दिसला तर ठरवलेला पेस (धावण्याचा वेग) तिथेच सोडून द्या. आणि मार्गाचा नकाशा इथे टाका. शेवटचे दहा किलोमीटर खरंच काठाने जातात की झाडं नसलेल्या हायवेवरून, ते पाहून सांगतो.