टीबीच्या एक्स-रेचा निर्णय संगणकावर सोपवावा का?

नदीकाठ:
आमच्या गावात नुकतेच क्षयरोग तपासणीचे शिबिर झाले. हातात मावेल एवढ्या यंत्राने छातीचे फोटो काढले गेले आणि जवळ डॉक्टर नसतानाही संगणकाने मिनिटाभरात प्रत्येकाचा निकाल दिला. माझ्या वडिलांच्या निकालात ‘टीबीची शक्यता’ आली. त्यांना पूर्वी एकदा टीबी होऊन गेला आहे आणि सध्या कोणताही त्रास नाही. आईला मात्र महिनाभर खोकला असूनही तिचा फोटो ‘नॉर्मल’ ठरला आणि पुढची तपासणी न सुचवता तिला घरी पाठवले गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेवर असा निर्णय सोपवण्यात समाजाचा लाभ आहे की धोका, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

क्षकिरण:
आधी तातडीचे सांगतो. आईंची थुंकी तपासून घ्या, फोटो कसाही असला तरी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या व्यक्तीची टीबीसाठी तपासणी झालीच पाहिजे, आणि संगणकाच्या ‘नॉर्मल’ या शब्दाने ती गरज संपत नाही. वडिलांच्या बाबतीत, जुना टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात जे व्रण राहतात ते या प्रणालींना पुष्कळदा नव्या आजारासारखे दिसतात. म्हणून सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यांसारख्या, थुंकीत जंतूंची जनुके शोधणाऱ्या चाचणीत जंतू सापडतात का, हे पाहिल्याशिवाय औषधे सुरू करण्याची घाई नको. पूर्वी उपचार झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा रुग्णांत मेलेल्या जंतूंचे अवशेषही कधी कधी या चाचण्यांत दिसतात.

तरीही मी या तंत्राच्या बाजूचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे दिसले की केवळ लक्षणे विचारून तपासणी केली असती, तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. ते छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. एक्स-रे काढणे आता सोपे झाले आहे, परंतु तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा क्वचितच असतो, आणि जगातील टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात असताना ही उणीव फार महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणी तपासणीसाठी, म्हणजे संशयित वेगळे काढण्यासाठी, अशा संगणकीय वाचनाला मान्यता दिली, ती याच कारणाने. ती मान्यता चाळणीपुरती आहे, निदानासाठी नाही. लहान मुलांना तर ती लागूच नाही, हे शिबिरांच्या आयोजकांनी ध्यानात ठेवायला हवे.

आकडेमोड:
मी आरोग्यक्षेत्रातला नाही, पण अशा प्रणाली कशा बनतात ते जवळून पाहतो. संगणक मुळात ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. तो प्रत्येक फोटोला एक गुण देतो, आणि कितीच्या वर गेल्यास संशयित मानायचे, ती रेषा माणसेच आखतात. समजा, १०,००० लोकांत ३० रुग्ण आहेत, आणि प्रणाली १०० पैकी ९० रुग्ण पकडते व १०० पैकी ७० निरोगी माणसांना बरोबर सोडते. तर २७ रुग्ण सापडतील, तीन निसटतील आणि जवळजवळ तीन हजार निरोगी माणसांना थुंकी तपासायला सांगावे लागेल. रेषा वर सरकवली की हा भार घटतो, पण निसटणारे वाढतात. म्हणजे चाचण्यांसाठी पैसे किती आहेत, यावरून कुणाचा आजार दिसेल ते ठरू शकते, आणि हा निर्णय लोकांसमोर कधी येतच नाही.

दुसरा धोका प्रशिक्षणाचा, म्हणजे कोणते फोटो दाखवून प्रणालीला शिकवले याचा. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हेच ओळखायला शिकल्याचे उघड झाले. परक्या रुग्णालयातील फोटोंवर तिची कामगिरी बहुतेक वेळा घसरली. दगडखाणीत धूळ खाल्लेली फुप्फुसे प्रणालीने कधी पाहिलीच नसतील, तर तिथल्या कामगारांबद्दल तिच्या गुणांवर मी विसंबणार नाही.

क्षकिरण:
रेषेबद्दल पूर्ण सहमत. त्यात एक भर घालतो: डॉक्टर सोबत असला म्हणजे चूक आपोआप पकडली जाईल, असे गृहीत धरता येत नाही. स्तनांच्या एक्स-रेंवर केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगणकाने मुद्दाम चुकीची सूचना दिल्यावर अत्यंत अनुभवी रेडिओलॉजिस्टही तिच्यामागे वाहवत गेले. म्हणून फोटो आधी स्वतः वाचावा आणि मगच गुण पाहावेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

नदीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. आईला उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो. शिबिरात ती रेषा किती गुणांवर ठेवली होती आणि खोकला असलेल्या पण ‘नॉर्मल’ ठरलेल्या गावातील इतर लोकांना पुन्हा बोलावणार का, हे दोन प्रश्न तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारणार आहे.